अनेक शब्दांचा शोध, फुल-टेक्स्ट सर्च आणि रँकिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शोधाच्या चौकटीत एकच शब्द आला की कुठलाही डेटाबेस निभावून नेतो. तीन-चार शब्द आले की खरी परीक्षा सुरू होते. तिथे मजकूर शब्दाशब्दाने इंडेक्स करून शोधणारा फुल-टेक्स्ट सर्च लागतो, आणि निकालांचा क्रम लावणारं रँकिंग. खालचे प्रश्न पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट हे डेटाबेस वापरणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येतात. उदाहरणांसाठी एका सॉफ्टवेअरचे मदत-लेख डोळ्यांसमोर ठेवले आहेत: प्रत्येक लेखाला शीर्षक, सारांश आणि मजकूर.

एसक्यूएलमधलं ‘लाइक’ वापरून भागत नाही का? मागे-पुढे टक्क्याची खूण लावली की झालं.

काही हजार ओळींपर्यंत भागतं, आणि तेवढ्यासाठी फुल-टेक्स्टचा पसारा मांडायची गरजही नाही. पण ‘फाइल अपलोड मर्यादा’ हा शोध ‘लाइक’ला दिला, तर तो हे तीन शब्द याच क्रमाने, मध्ये एकेक जागा सोडून लिहिलेले असतील तरच सापडतात. ‘अपलोड करताना फाइलची मर्यादा’ असं लिहिलेला लेख हातचा जातो. प्रत्येक शब्दाला वेगळा ‘लाइक’ लावून ‘अँड’ने जोडता येतं, पण सुरुवातीलाच टक्क्याची खूण असल्यामुळे साधा बी-ट्री इंडेक्स (सुरुवातीच्या अक्षरांवरून लावलेली सूची) कामी येत नाही आणि अख्खं टेबल चाळावं लागतं. शिवाय आलेल्या ओळींत वर कोणती ठेवायची, याबद्दल ‘लाइक’ला काहीही म्हणायचं नसतं.

सगळे शब्द जुळलेच पाहिजेत, की एखादा जुळला तरी चालेल?

जवळपास सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. कारण या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेले आहेत: कोणत्या ओळी यादीत घ्यायच्या, आणि घेतलेल्या ओळी कोणत्या क्रमाने दाखवायच्या. हे दोन निर्णय वेगळे ठेवा. जुळणी सैल केली की रँकिंगवर जास्त भार येतो, जुळणी घट्ट केली की रँकिंगला फारसं काम उरत नाही. एकाच क्वेरीत दोन्ही साधायला गेलं की एक तर निकाल शून्य येतात, नाही तर पाच हजार.

मूळ वर्तन प्रत्येक डेटाबेसचं वेगळं आहे आणि ते माहीत नसल्यामुळे पुष्कळ जण फसतात. पोस्टग्रेसचं प्लेनटू_टीएसक्वेरी सगळे शब्द ‘अँड’ने जोडतं. एसक्यूलाइटच्या एफटीएस५ या फुल-टेक्स्ट मोड्यूलमध्येही नुसते शब्द शेजारी लिहिले की ‘अँड’ धरला जातो. मायएसक्यूएलची नॅचरल लँग्वेज पद्धत, जी काही न सांगता लागू होते, ती मात्र ‘ऑर’सारखी वागते: कुठलाही एक शब्द असला तरी ओळ यादीत येते. त्यामुळे वापरकर्ता शोध नेमका करायला चौथा शब्द घालतो आणि निकाल कमी होण्याऐवजी वाढतात. ही तक्रार आली की आधी तिथेच बघा.

माझ्या मते पायऱ्या कराव्यात. आधी सगळे शब्द सक्तीचे धरून शोधा. पहिलं पान भरण्याइतके निकाल मिळाले तर तिथेच थांबा. नाही मिळाले तर एक शब्द सोडून द्यायची मुभा द्या. दोन शब्दांच्या शोधात दुसऱ्या फेरीला एक जुळला तरी चालवून घ्या, तीन-चार शब्दांत एक चुकला तरी चालेल, पाचाच्या पुढे साधारण दोन-तृतीयांश जुळावेत. हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत, सुरुवात करायला बरे आहेत इतकंच.

सोडायचा शब्द कोणता? तुमच्या लेखांत जो सगळ्यात जास्त ठिकाणी येतो तो. दुर्मीळ शब्द शेवटपर्यंत धरून ठेवा, कारण माणसाला नेमकं काय हवंय ते बहुतेक वेळा त्याच शब्दात असतं. कोणता शब्द किती लेखांत आहे ते पोस्टग्रेसचं टीएस_स्टॅट सांगतं. ते सगळा मजकूर चाळतं, म्हणून रोज रात्री एकदा चालवून उत्तर वेगळ्या टेबलात ठेवा.

सैल फेरीत क्रम लावताना पहिली कसोटी ‘किती वेगवेगळे शब्द जुळले’ ही असू द्या आणि रँकचा आकडा तिच्यानंतर. प्रत्येक शब्दाची जुळणी स्वतंत्रपणे तपासून खरं-खोटं एक-शून्यात बदलायचं आणि बेरीज करायची. हे केलं नाही तर ‘फाइल’ हा एकच शब्द चाळीस वेळा असलेला लेख तिन्ही शब्द एकेकदा असलेल्या लेखाच्या डोक्यावर जाऊन बसतो.

वापरकर्त्याने टाइप केलेला मजकूर थेट क्वेरीत देऊ का?

एसक्यूएल इंजेक्शनसाठी पॅरामीटर वापरताच, ते धरून चालतो. पण फुल-टेक्स्टच्या क्वेरीचं स्वतःचं एक व्याकरण असतं आणि पॅरामीटर त्यापासून वाचवत नाही.

पोस्टग्रेसच्या टू_टीएसक्वेरीला ‘फाइल अपलोड’ असे नुसते दोन शब्द दिले तरी ते वाक्यरचनेची चूक म्हणून एरर देतं, कारण मध्ये & किंवा | अपेक्षित असतो. लोकांनी लिहिलेल्या मजकुरासाठी वेबसर्च_टू_टीएसक्वेरी वापरा. ते २०१८ साली ११ व्या आवृत्तीत आलं आणि कसलाही मजकूर दिला तरी एरर देत नाही. दुहेरी अवतरणात लिहिलेलं सलग धरतं, शब्दाला चिकटलेल्या उणे चिन्हाने तो शब्द वगळतं, आणि इंग्रजी ‘ऑर’ ओळखतं. उणे चिन्हाची ही सोय कधी कधी अंगाशी येते: कुणी ‘एरर -१०५’ असं लिहिलं की १०५ असलेले लेख नेमके बाहेर जातात. तुमच्याकडे उणे आकड्यांचे एरर कोड असतील तर शोध पुढे पाठवण्याआधी ते वेगळे काढा.

मायएसक्यूएलच्या बुलियन पद्धतीत प्रत्येक शब्दाच्या आधी + लावला की तो सक्तीचा होतो. त्याआधी वापरकर्त्याच्या मजकुरातली + - * ~ < > ( ) @ आणि अवतरणं ही चिन्हं काढून टाका. इनोडीबीला (मायएसक्यूएलचं नेहमीचं स्टोरेज इंजिन) अधिक-उणे शब्दाच्या सुरुवातीला चालतं, शेवटी चालत नाही. ‘सी++’ शोधणारा पहिला वापरकर्ता आला की सरळ वाक्यरचनेची एरर येते.

एसक्यूलाइटमध्ये प्रत्येक शब्द दुहेरी अवतरणात गुंडाळा आणि शब्दाच्या आत अवतरण असेल तर ते दोनदा लिहा. एवढ्याने काम होतं.

शीर्षकात ‘अपलोड मर्यादा’ आहे, मजकुरात ‘फाइल’ आहे, तरी लेख सापडत नाही. का?

कारण प्रत्येक स्तंभ वेगवेगळा तपासला जातोय. ‘शीर्षक तिन्ही शब्दांशी जुळतं किंवा मजकूर तिन्ही शब्दांशी जुळतो’ अशी अट लिहिली की शीर्षकात दोन सापडतात, मजकुरात एक, आणि दोन्ही बाजू खोट्या ठरतात. माणसाच्या दृष्टीने लेख एकच आहे. डेटाबेसच्या दृष्टीने ते दोन तुकडे आहेत.

उपाय म्हणजे शोधासाठी सगळे स्तंभ एकत्र करणे. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक स्तंभाचा टीएसव्हेक्टर (शब्द आणि त्यांची स्थानं यांची यादी) काढून त्याला सेटवेट ने ए, बी, सी, डी यांपैकी एक वजन द्यायचं आणि मग ते जोडायचे: शीर्षकाला ए, सारांशाला बी, मजकुराला डी. १२ व्या आवृत्तीपासून हा जोडलेला व्हेक्टर जनरेटेड स्तंभात ठेवता येतो, म्हणजे लेख बदलला की तो आपोआप बदलतो.

इथे तीन जागी पाय घसरतो. सारांश रिकामा म्हणजे नल असेल तर जोडलेला अख्खा व्हेक्टरच नल होतो आणि लेख शोधातून गायब होतो, तोही चूपचाप. म्हणून प्रत्येक स्तंभाला कोअलेस (नलच्या जागी रिकामा मजकूर देणारं फंक्शन) हवंच. दुसरं, जनरेटेड स्तंभात टू_टीएसव्हेक्टरला भाषेचं कॉन्फिगरेशन स्पष्ट लिहून द्यावं लागतं, नाही तर पोस्टग्रेस ते स्वीकारत नाही. तिसरं, वजनं बदलायची झाली तर टीएस_रँकला द्यायच्या यादीचा क्रम डी, सी, बी, ए असा उलटा आहे. न सांगता लागू असलेली वजनं डीला ०.१, सीला ०.२, बीला ०.४ आणि एला १.० अशी आहेत. क्रम उलटा दिला तर एरर येत नाही, फक्त शीर्षक जुळलेले लेख तळाला जातात आणि माणूस दिवसभर डोकं खाजवत बसतो.

मायएसक्यूएलमध्ये सगळ्या स्तंभांवर मिळून एक फुल-टेक्स्ट इंडेक्स करा. मॅचमध्ये लिहिलेली स्तंभांची यादी इंडेक्समधल्या यादीशी तंतोतंत जुळायला लागते. शीर्षकाला जास्त भाव द्यायचा तर फक्त शीर्षकावरचा दुसरा इंडेक्स करून दोन्ही आकड्यांची वजनदार बेरीज करावी लागते. एसक्यूलाइटमध्ये रँक काढणाऱ्या बीएम२५ फंक्शनलाच स्तंभागणिक वजनं देता येतात.

लेखकाचं नाव किंवा टॅग दुसऱ्या टेबलात असतील तर?

जनरेटेड स्तंभ दुसऱ्या टेबलात डोकावू शकत नाही. शोधासाठी वेगळं टेबल ठेवा, त्यात प्रत्येक लेखाचा तयार व्हेक्टर, आणि तो ट्रिगरने किंवा मागे चालणाऱ्या जॉबने ताजा ठेवा. शोधाच्या वेळी जॉइन करून व्हेक्टर बनवायचा मोह टाळा, तिथे इंडेक्सचा उपयोग संपतो.

रँक नेमका कशावरून ठरतो?

तीन गोष्टी असतात: शब्द या लेखात किती वेळा आला, तो एकूण किती लेखांत येतो, आणि लेख किती लांब आहे. यातली दुसरी गोष्ट, म्हणजे दुर्मीळ शब्दाला जास्त मोल, कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडली. तिन्ही एकत्र गुंफणारं बीएम२५ हे सूत्र स्टीफन रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या सिटी विद्यापीठातल्या ओकापी या शोधप्रणालीवर काम करताना १९९० च्या दशकात घडवलं. आजही ते सहजासहजी हरत नाही.

दुर्मीळपणाने किती फरक पडतो ते आकड्यांत बघू. समजा १०,००० लेख आहेत, ‘फाइल’ २,००० लेखांत येते आणि ‘धूसर’ फक्त २० लेखांत. एकूण भागिले सापडलेले, आणि त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेतला तर ‘फाइल’ला सुमारे १.६ आणि ‘धूसर’ला सुमारे ६.२ मिळतात. म्हणजे ‘धूसर फाइल’ शोधणाऱ्यासाठी ‘धूसर’ची एक जुळणी ‘फाइल’च्या जवळपास चौपट मोलाची.

बीएम२५ मधली दुसरी खुबी म्हणजे पुनरुक्तीला लगाम. के१ हा स्थिरांक १.२ धरला आणि लेख सरासरी लांबीचा असला, तर शब्द एकदा आला की १ गुण, दोनदा आला की १.३८, पाचदा आला की १.७७, दहादा आला की १.९६. कितीही वेळा आला तरी २.२ च्या पुढे जात नाही. एकच शब्द घोकत बसलेल्या लेखाला त्यामुळे फार पुढे सरकता येत नाही.

आता पोस्टग्रेसची मेख. टीएस_रँक आणि टीएस_रँक_सीडी या दोघांनाही शब्द एकूण किती लेखांत आहे हे माहीत नसतं. ते फक्त समोरचा लेख बघतात. सगळे शब्द सक्तीचे असतील तेव्हा हे फार बोचत नाही, कारण यादीतल्या प्रत्येक लेखात दुर्मीळ शब्द असतोच. जुळणी सैल केली की मात्र लगेच बोचतं: ‘फाइल’ आणि ‘धूसर’ एकाच तराजूत तोलले जातात. म्हणूनच वर दुर्मीळ शब्द धरून ठेवायला आणि जुळलेल्या शब्दांची संख्या आधी बघायला सांगितलं.

लांबीचंही तसंच. टीएस_रँकला शेवटचा पर्याय दिला नाही तर तो शून्य धरला जातो आणि लांबीचा विचार होत नाही, मग लांबलचक लेख आपोआप वर येतात. १ दिला तर रँकला ‘१ अधिक लांबीचा लॉग’ याने भागलं जातं. लेखांच्या लांबीत फार तफावत असेल तर इथून सुरुवात करा. थेट लांबीने भागणारा २ हा पर्याय मला जरा जास्तच कठोर वाटतो, त्याने दोन ओळींच्या टिपा पहिल्या पानावर येऊन बसतात.

एसक्यूलाइटच्या एफटीएस५ मध्ये बीएम२५ तयार मिळतं. फक्त तिथे चांगला निकाल म्हणजे जास्त ऋण आकडा, त्यामुळे क्रम चढता लावायचा. सवयीने उतरता लावला की सगळ्यात टाकाऊ निकाल सगळ्यात वर दिसतात. मायएसक्यूएलचं इनोडीबी शब्दाची वारंवारता आणि दुर्मीळपणा यांवर चालतं, आणि दुर्मीळपणाने दोनदा गुणतं. बुलियन पद्धतीत निकाल आपोआप रँकच्या क्रमाने येतील असं धरू नका, ऑर्डर बाय स्वतः लिहा.

शब्द शेजारी-शेजारी असतील तर लेख वर यायला हवा. ते कसं जमवायचं?

पोस्टग्रेसमध्ये टीएस_रँक_सीडी शब्द एकमेकांच्या किती जवळ आहेत ते मोजतं. सलग शब्दांसाठी <-> हा ऑपरेटर आणि फ्रेजटू_टीएसक्वेरी ९.६ पासून आहेत. एसक्यूलाइटमध्ये निअर आहे, अंतर सांगितलं नाही तर १० शब्द धरतं. इनोडीबीमध्ये अवतरणातल्या शब्दांपुढे @ आणि अंतर लिहिता येतं.

वापरकर्त्याने स्वतः अवतरण दिलं नसेल तर सलगपणाची अट घालू नका. सलग सापडलं तर बक्षीस द्या, नाही सापडलं तर लेख यादीतून काढू नका. साधी युक्ती: मूळ जुळणी ‘अँड’ची, आणि क्रम लावताना सलग जुळणाऱ्या लेखाच्या रँकला दीडपट किंवा दुप्पट करा.

एक बारीक मर्यादा लक्षात असू द्या. टीएसव्हेक्टरमध्ये शब्दाचं स्थान १६,३८३ पर्यंतच नोंदलं जातं, आणि एका शब्दाची जास्तीत जास्त २५६ स्थानं ठेवली जातात. १६,३८३ च्या पुढच्या सगळ्या शब्दांचं स्थान तेच समजलं जातं. फार मोठे दस्तऐवज असतील तर प्रकरणागणिक ओळी करा, नाही तर मागच्या भागात जवळ-लांब याला काही अर्थ उरत नाही.

रँकचा आकडा ‘९२ टक्के जुळणी’ असा दाखवू का?

नको. तो आकडा एकाच शोधातल्या निकालांची आपसात तुलना करण्यापुरता असतो. आजच्या शोधातला ०.३ आणि उद्याच्या शोधातला ०.३ यांचा एकमेकांशी संबंध नाही. पोस्टग्रेसचा ३२ हा पर्याय रँक शून्य ते एकच्या मध्ये आणतो, पण ती निव्वळ रंगसफेदी आहे, क्रम तसाच राहतो. एसक्यूएल सर्व्हरच्या कंटेन्सटेबलचे ० ते १,००० हे आकडेही टक्के म्हणून वाचायचे नसतात.

नवे लेख वर आणायचे आहेत. रँकमध्ये तारीख मिसळू?

मिसळा, पण बेरीज करू नका, गुणाकार करा. रँकचं माप शोधागणिक बदलतं, त्यामुळे बेरजेत कधी तारीख सगळं गिळते तर कधी तिचा पत्ताच लागत नाही. वय वाढेल तसा एकपासून हळूहळू खाली येणारा गुणक घ्या आणि त्याला तळ ठेवा, समजा ०.५. जुना पण तंतोतंत जुळणारा लेख गाडला जाता कामा नये.

टाइप करता करता सुचवायचं असेल तर?

फक्त शेवटचा शब्द अर्धवट धरा, आधीचे पूर्ण. पोस्टग्रेसमध्ये शेवटच्या शब्दाला :* जोडून टू_टीएसक्वेरीला द्यायचं, कारण वेबसर्चवालं फंक्शन अर्धे शब्द समजत नाही. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटमध्ये शेवटी * लावायचा. इथे स्टेमिंग (प्रत्यय कापून शब्दाचं मूळ काढणं) बंद असलेलं ‘सिंपल’ कॉन्फिगरेशन बरं पडतं. अर्धवट शब्दाला स्टेमरकडे पाठवलं की तो त्याची भलतीच चिरफाड करतो.

तीनपैकी एका शब्दाचं स्पेलिंग चुकलं तर सगळा शोध रिकामा येतो.

‘अँड’चा हा स्वभावच आहे. सैल फेरी असेल तर निदान उरलेल्या दोन शब्दांवर काहीतरी मिळतं. त्यापुढे जायचं तर पोस्टग्रेसचं पीजी_टीआरजीएम हे ट्रायग्रामचं एक्स्टेंशन कामाला येतं. ते शब्दाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून साम्य मोजतं, आणि न सांगता ०.३ ची मर्यादा धरतं.

अख्ख्या मजकुरावर ट्रायग्राम चालवू नका. टीएस_स्टॅटने काढलेल्या शब्दांच्या टेबलावर चालवा: जो शब्द तिथे नाहीच त्याला सगळ्यात जवळचा शब्द शोधा आणि शोध पुन्हा करा. हे शब्दटेबल ‘सिंपल’ने बनवायचं, नाही तर सूचनेत स्टेमरने शेपूट तोडलेले शब्द दिसतात. आणि दुरुस्त केलेला शब्द वापरकर्त्याला दाखवा. त्याने मुद्दाम लिहिलेलं नाव चोरून बदलणारा शोध फार चीड आणतो.

समानार्थी शब्द कुठे घालायचे, इंडेक्समध्ये की क्वेरीत?

क्वेरीत. इंडेक्समध्ये घातले की यादीत एक शब्द वाढवायला सगळं पुन्हा इंडेक्स करावं लागतं. पोस्टग्रेसमध्ये टीएस_रीराइट हे काम टेबलावरून करतं. मूळ शब्दाच्या जागी ‘मूळ किंवा पर्याय’ असा कंस आला पाहिजे, नाही तर पर्याय हा आणखी एक सक्तीचा शब्द होऊन बसतो आणि निकाल उलट कमी होतात.

मराठी मजकूर असेल तर वेगळं काय करावं लागतं?

बरंच काही. पहिली अडचण शब्द तोडण्याचीच. एसक्यूलाइटच्या एफटीएस५ मधला युनिकोड६१ हा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. काना, मात्रा, वेलांटी युनिकोडमध्ये ‘मार्क’ या वेगळ्या वर्गात मोडतात, त्यामुळे त्या विभाजक ठरतात आणि ‘किताब’चे क, त, ब असे तुकडे होतात. शोधातल्या शब्दाचेही तसेच तुकडे होत असल्यामुळे निकाल येत राहतात आणि गडबड लवकर लक्षात येत नाही, फक्त ‘कातब’ शोधूनही ‘किताब’ सापडते. टोकनायझरच्या कॅटेगरीज या पर्यायात एम* हा वर्ग वाढवला की प्रश्न मिटतो. पोस्टग्रेसच्या मूळ पार्सरमध्ये देवनागरीच्या स्वरचिन्हांची सोय आधीपासून केलेली आहे.

दुसरी अडचण एकाच दिसणाऱ्या अक्षराच्या दोन लिखाणांची. ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र कुणी नुक्त्याच्या ऱ ला हलंत देऊन लिहितो, कुणी साध्या र ला हलंत आणि पुढे न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे, डेटाबेससाठी दोन वेगळे शब्द. ‘ॲप’ मधला ॲ सुद्धा एक अक्षर म्हणून येतो किंवा अ वर चंद्र देऊन. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी लिखाणं एका रूपात आणायची ठरलेली रीत) या दोन्ही जोड्या एक करत नाही. त्यासाठी स्वतःचं एक छोटं फंक्शन लिहा, त्यात देवनागरी आणि इंग्रजी अंकही एकसारखे करा, आणि ते इंडेक्स करताना व शोधताना दोन्हीकडे चालवा. एकाच बाजूला चालवलं तर आधीपेक्षा वाईट स्थिती होते.

तिसरी अडचण प्रत्ययांची. वापरकर्ता लिहितो ‘प्रिंटर वायफायला जोडत नाही’, लेखाचं शीर्षक ‘वायफाय प्रिंटर जोडणी’. ‘अँड’ लावला तर चारपैकी एकच शब्द जुळतो. पोस्टग्रेसमध्ये नेपाळीचा स्टेमर १२ पासून आणि हिंदीचा १४ पासून आहे, मराठीचा नाही, आणि हिंदीचा लावून मराठी प्रत्यय सुटत नाहीत. शब्दयोगी आणि विभक्तीच्या शेपट्या (ला, ने, चा, ची, चे, वर, साठी, मध्ये वगैरे) दोन्ही बाजूंनी कापणारं फंक्शन पुष्कळ मजल मारतं. कापल्यावर किमान तीन-चार चिन्हं उरली पाहिजेत अशी अट घाला, नाही तर ‘कला’ मधला ‘ला’ जाऊन नुसता क उरतो. ‘नाही’, ‘कसा’, ‘आहे’ असे शब्द सक्तीच्या यादीतून काढा. वरच्या शोधात एवढं केलं की ‘प्रिंटर’ आणि ‘वायफाय’ जुळतात, ‘जोडत’ सैल फेरीत सुटतो आणि लेख वर येतो.

छोटे शब्द सापडतच नाहीत.

मायएसक्यूएल असेल तर इनोडीबी तीनपेक्षा कमी चिन्हांचे शब्द इंडेक्सच करत नाही, जुनं मायआयसॅम इंजिन चारपेक्षा कमी. मर्यादा बदलल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू करून इंडेक्स नव्याने बांधावा लागतो, नुसती सेटिंग बदलून काही होत नाही. जाता जाता: इनोडीबीचा फुल-टेक्स्ट शोध फक्त कमिट झालेला डेटा बघतो. टेस्टमध्ये ओळ घालून, शोधून, शेवटी रोलबॅक करायची पद्धत असेल तर ती ओळ कधीच सापडणार नाही.

जुळणी झटपट होते, पण रँक लावला की क्वेरी रांगते.

पोस्टग्रेसच्या जिन इंडेक्समध्ये शब्द कोणत्या ओळीत आहे एवढंच असतं, त्याचं स्थान आणि वजन नसतं. रँक काढायला जुळलेल्या प्रत्येक ओळीचा टीएसव्हेक्टर टेबलातून उचलावा लागतो. पन्नास ओळींना काही वाटत नाही, दोन लाखांना वाटतं. जुळणी घट्ट ठेवणं हा पहिला उपाय, म्हणजे पुन्हा पायऱ्यांची पद्धत. तेवढ्याने भागलं नाही तर रम नावाचं एक्स्टेंशन आहे, ते इंडेक्समध्येच स्थानं ठेवतं. त्याचा इंडेक्स मोठा होतो आणि ओळी घालणं मंदावतं.

मंदपणाचं दुसरं ठरलेलं कारण म्हणजे टीएस_हेडलाइन, जे जुळलेले शब्द ठळक करून तुकडा दाखवतं. ते मूळ मजकूर पुन्हा वाचतं. आतल्या क्वेरीत क्रम लावून दहा ओळी निवडा, आणि हेडलाइन बाहेरच्या क्वेरीत फक्त त्या दहांवर चालवा. त्याचा निकाल थेट वेबपानावर टाकणं सुरक्षित नाही, मजकुरातलं एचटीएमएल आधी निष्प्रभ करून घ्या.

दुसऱ्या पानावर पहिल्या पानावरचाच लेख पुन्हा दिसतो.

रँक सारखा असलेल्या ओळींचा आपसातला क्रम डेटाबेस ठरवून देत नाही. ऑर्डर बायच्या शेवटी आयडी घाला.

रँकिंग सुधारलं की बिघडलं, हे ओळखायचं कसं?

लॉगमधून खरे शोध उचला: काही वारंवार येणारे, काही शून्य निकालांचे, काही चार-पाच शब्दांचे. प्रत्येकासाठी पहिल्या पाचात कोणता लेख यायलाच हवा ते लिहून ठेवा आणि वजनं बदलली की सगळे पुन्हा चालवा. एका तक्रारीवरून वजन बदललं की ती तक्रार मिटते आणि दुसरीकडे तीन उभ्या राहतात, ते या यादीत लगेच दिसतं. शून्य निकालांची यादी आठवड्याला एकदा वाचायचा नेम ठेवा. समानार्थी शब्दांचं टेबल तिथूनच भरत जातं.

मग वेगळं सर्च इंजिन किंवा व्हेक्टर सर्च कधी घ्यायचं?

शोध हेच उत्पादनाचं मुख्य काम असेल, निकालांशेजारी गाळण्या आणि त्यांची मोजणी क्षणात हवी असेल, किंवा अनेक भाषांचे विश्लेषक लागत असतील तर ल्युसीन या शोधाच्या लायब्ररीवर चालणारी इंजिनं घ्या. ल्युसीन ६.० पासून बीएम२५ हेच त्यांचं मूळ रँकिंग आहे आणि ‘इतके शब्द तरी जुळावेत’ ही सोयही तयार मिळते. त्या बदल्यात डेटा दोन ठिकाणी ठेवून एकमेकांशी जुळवत राहायची जबाबदारी गळ्यात पडते. ती निस्तरणारं माणूस टीममध्ये नसेल तर अजून काही काळ डेटाबेसमध्येच राहा.

व्हेक्टर सर्च अर्थाने जवळचे लेख शोधतं, पण एरर कोड, मॉडेल क्रमांक आणि विशेषनामं यांच्यात हमखास घसरतं. दोन्ही हवे असतील तर त्यांचे आकडे बेरजेत मिसळू नका, क्रमांक मिसळा: प्रत्येक यादीत लेखाचा जो क्रमांक असेल त्यात ६० मिळवून एकला त्याने भागायचं, आणि दोन्ही याद्यांतले हे अपूर्णांक जोडायचे. ही रेसिप्रोकल रँक फ्यूजनची पद्धत कॉर्मॅक, क्लार्क आणि ब्यूटशर यांनी २००९ साली मांडली. दोन्ही याद्यांत तिसरा असलेला लेख एकाच यादीत पहिला असलेल्याच्या पुढे जातो. पोस्टग्रेसमध्ये पीजीव्हेक्टर हे व्हेक्टर सर्चचं एक्स्टेंशन असेल तर हे सगळं एका क्वेरीत बसतं.